घरून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन : क्लास लावण्याआधी काय तयारी करावी?

पागोळी :

नमस्कार मंडळी. घरून मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं, म्हणजे डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करण्याचं काम करावं असं बरेच दिवस मनात आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचं, ऑफिसातल्या कामाचा अनुभव आहे, टायपिंगचा वेग बरा आहे, इंग्रजी वाचन भरपूर. जीवशास्त्राशी संबंध मात्र शाळा सुटली तेव्हाच सुटला.

एका क्लासकडे फोनवर चौकशी केली. "टायपिंग येतं ना? मग झालंच की, नोकरीची हमी आमची," असं पहिल्या दोन मिनिटांतच सांगितलं, आणि लगोलग अर्धी फी याच आठवड्यात भरा म्हणाले. त्यामुळे जरा बिचकले आहे. फी भरण्याआधी घरच्या घरी काय शिकून ठेवता येईल? हे आपल्याला जमण्यातलं आहे की नाही हे आधीच कसं ओळखायचं? आणि आता सगळं मशीनच टाइप करतं म्हणतात, मग यात पडण्यात अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया लिहावं.

निशाचर :

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पडू नका.

मी या धंद्यात आलो तेव्हा डॉक्टर बोलायचा आणि आम्ही कोऱ्या पानावर टाइप करायचो. आता बहुतेक ठिकाणी आधी मशीन मसुदा काढतं आणि माणूस तो ऐकत ऐकत दुरुस्त करतो. एडिटिंगचा ओळीमागचा दर टायपिंगच्या दरापेक्षा बराच कमी असतो, आणि मसुदा भिकार असला तर वेळ टायपिंगपेक्षा जास्त जातो. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्याचा अंदाजसुद्धा या नोकऱ्या घटतील असाच आहे. जो क्लास हमी देतो त्याला एवढंच विचारा, हमी कोणत्या कंपनीतल्या कामाची, आणि ती कागदावर लिहून देणार का.

कानसेन :

निशाचर यांच्याशी अर्धी सहमत. धंदा आक्रसतोय हे खरं, पण "मशीन सगळं करतं" हे अर्धसत्य आहे. मी क्यूएमध्ये आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेले रिपोर्ट ऐकून तपासते. त्यामुळे मशीनचे प्रताप जवळून बघायला मिळतात.

'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली एक अभ्यास आला होता. डॉक्टरांनी डिक्टेट केलेल्या २१७ नोंदी घेतल्या होत्या. मशीनच्या कच्च्या मसुद्यात शंभर शब्दांमागे ७.४ चुका होत्या. ट्रान्सक्रिप्शनिस्टचा हात फिरल्यावर त्या ०.४ वर आल्या, आणि डॉक्टरनं सही करेपर्यंत ०.३. म्हणजे मोठी सफाई मधल्या माणसानं केली. नंतर मशीन सुधारली हे मान्य, पण त्यांच्या चुकांचा स्वभावही बदलला. पूर्वी मशीन चुकलं की वाक्य वेडंवाकडं व्हायचं, लगेच नजरेत भरायचं. आता चूकसुद्धा शुद्ध इंग्रजीत येते. बोललेलं ऐकून टाइप करणाऱ्या ओपनएआयच्या 'व्हिस्पर'वर २०२४ साली झालेल्या अभ्यासात साधारण एक टक्का ध्वनिफितींमध्ये कुणी न बोललेली वाक्यं सापडली. बोलणारा मध्येच जास्त वेळ थांबत असेल तर हे अधिक व्हायचं.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. टायपिंगचा वेग हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. खरा प्रश्न कानाचा आणि संशयी स्वभावाचा. 'नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर'मधला 'नो' मसुद्यातून गळला, तर उरलेलं वाक्य व्याकरणानं अगदी सरळ आहे. ते वाचताना तुमचा हात थांबतो का? डॉक्टरनं वर उजवा गुडघा सांगितला आणि खाली निदानात डावा, तर तुम्हाला टोचतं का? टोचत असेल तर शिका. 'डॉक्टर बोलला तसं लिहिलं, मला काय त्याचं' असं वाटत असेल तर दुसरं काम बघावं.

पागोळी :

निशाचर, राग कसला, उलट आभार. कानसेनताई, टोचणारा स्वभाव उपजतच आहे, घरातले वैतागतात त्याला! पण टोचायला आधी विषय तर कळायला हवा. शरीरशास्त्राची सुरुवात कुठून करू? वैद्यकीय शब्दांच्या याद्या पाठ करायच्या का?

तळटीप :

मी शिकवण्याचं काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. याद्या पाठ करू नका. एकेक संस्था घ्या: हृदय-रक्ताभिसरण, मग श्वसन, पचन, मूत्रसंस्था, हाडं-सांधे. प्रत्येकीत चार गोष्टी बघा: अवयव कुठे आहे, त्याचे नेहमीचे आजार कोणते, त्यासाठी तपासण्या कोणत्या, औषधं कोणती. ओपनस्टॅक्सचं शरीररचना आणि शरीरक्रियेचं पाठ्यपुस्तक इंटरनेटवर पूर्ण मोफत आहे, सुरुवातीला तेवढं पुरे. सगळी पेशीरसायनं वाचत बसू नका, आकृत्या मात्र नीट बघा.

शब्दांची फोड मात्र शिकाच. 'नेफ्र' आणि 'रीन' दोन्ही मूत्रपिंडाचे, एक ग्रीक, एक लॅटिन. 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं, 'ऑटमी' म्हणजे कापून उघडणं, 'ऑस्टमी' म्हणजे वाट करून देणं. शेवटचे तिन्ही ऐकायला जवळजवळ सारखे, आणि पेशंटच्या दृष्टीनं तीन वेगळी ऑपरेशनं.

आता आपल्याकडच्या माणसाला हमखास अडणाऱ्या दोन गोष्टी.

पहिली, कानावर पडलेला शब्द शोधायचा कसा? आपल्याला देवनागरीची सवय, जसं ऐकलं तसं लिहिलं. इथे ते चालत नाही. 'न्यू' ऐकलं तर 'पी-एन'खाली बघा, न्यूमोनिया तिथे आहे. 'सो' ऐकलं तर 'पी-एस'खाली सोरायसिस. पापणी उतरते तो 'टोसिस' सापडेल 'पी-टी'खाली. 'झ'नं सुरू होणारा शब्द 'एक्स'मध्ये असू शकतो, कोरड्या त्वचेचा 'झिरोसिस' तसा आहे. अशी ध्वनी आणि स्पेलिंगची स्वतःची वही करा. पुढे काम करताना शब्दकोशाइतकीच ती उघडाल.

दुसरी, आपलं शाळेतलं स्पेलिंग ब्रिटिश वळणाचं आणि बरंचसं काम अमेरिकन. अनिमिया, इडीमा, इसोफेगस, डायरिया या सगळ्यांतलं एकेक अक्षर अमेरिकेत गळतं. इडीमा आणि इसोफेगस तर 'ओ'ऐवजी थेट 'ई'नं सुरू होतात. औषधांची नावंही बदलतात. आपलं पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनालिन तिथे एपिनेफ्रिन. औषधाचं नाव पडताळायला 'मेडलाइनप्लस' किंवा 'डेलीमेड' वापरा, दोन्ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या साईट आहेत. गूगलनं सुचवलेलं पहिलं स्पेलिंग उचलू नका.

रानवारा :

तळटीप, फार छान प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

साहित्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लगेच खर्च करू नका. सरावाला साधा कॉम्प्युटर, तारेचा हेडफोन आणि 'एक्सप्रेस स्क्राइब'सारखं सॉफ्टवेअर पुरतं. त्यात फाईल चालू-बंद-मागे करायला कीबोर्डवरची बटणं ठरवून घेता येतात. फूट पेडल नंतर घ्या, पण घ्याच. मधला भाग दाबला की आवाज चालू, पाय उचलला की बंद, बाजूच्या भागांनी मागे-पुढे. हात कीबोर्डवरून उठत नाहीत हा खरा फायदा. सॉफ्टवेअरमध्ये पाय उचलल्यावर आवाज आपोआप किंचित मागे जाईल अशी सोय असते, ती चालू ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी अर्धा शब्द हुकतो.

आणि एक्सपांडर! ठरावीक वाक्यांना दोन-तीन अक्षरांची खूण द्यायची, ती टाइप केली की पूर्ण वाक्य उमटतं. सुरुवात वर्डच्या ऑटोकरेक्टनं करा, फुकट आहे. एकच पथ्य पाळा, खूण अशी निवडा की जी स्वतः इंग्रजी शब्द नसेल.

घरच्यांशी आधी बोलून घ्या हेही महत्त्वाचं. 'घरी असतेस ना' या सबबीवर दर दहा मिनिटांनी हाक आली तर कान बसत नाही. दार लागणारी खोली नसेल तर निदान ठरलेले तास तरी हवेत. खुर्ची-टेबलाची उंची, मनगटं, अधूनमधून उठणं वगैरे सगळीकडे लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

निशाचर :

आता पडणारच असाल तर काम देणाऱ्याला काय विचारायचं ते तरी ऐका.

ओळ म्हणजे किती? जुना प्रघात मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरांची एक ओळ असा आहे. काही ठिकाणी फक्त दिसणारी अक्षरं मोजतात, मोकळी जागा सोडून. दर सारखाच सांगितला तरी हातात येणारे पैसे वेगळे. मशीनचा मसुदा सुधारण्याचा दर वेगळा आहे का? क्यूएनं चूक काढली तर कापतात का? रोजच्या किमान ओळी किती? काम नसेल त्या दिवशी काय? टीएटी, म्हणजे फाईल आल्यापासून रिपोर्ट परत देण्याची मुदत, किती तासांचा, आणि रात्रीची पाळी आहे का? काम थेट तुमच्याकडे येतंय की मध्ये दोन-तीन हात आहेत?

शेवटचा प्रश्न उगाच नाही. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयाचं काम उपकंत्राटांतून हात बदलत बदलत पाकिस्तानातल्या एका बाईंपर्यंत पोचलं. मधल्या माणसानं पैसे थकवले, तेव्हा बाईंनी थेट रुग्णालयालाच ईमेल केली की पैसे द्या, नाहीतर पेशंटची कागदपत्रं इंटरनेटवर टाकते. सोबत नमुनेही जोडले होते. आपलं काम इतक्या दूरवर गेलंय याची रुग्णालयाला गंधवार्ताच नव्हती. गुप्ततेच्या करारावर कंपन्या आज इतका जोर का देतात, त्यामागे अशी प्रकरणं आहेत. पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचा अमेरिकेचा हिपा कायदा १९९६ चा. २००९ च्या दुरुस्तीनं रुग्णालयासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपन्याही थेट कचाट्यात आल्या.

घरून काम करताना याचा साधा अर्थ असा: कामाचा कॉम्प्युटर घरात दुसरं कुणी वापरणार नाही, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, उठताना स्क्रीन लॉक, प्रिंट नाही, स्क्रीनचा फोटो काढून मैत्रिणीला 'हा शब्द काय गं' असं विचारणं नाही. आणि पेशंटची माहिती उचलून कुठल्याही फुकटच्या एआय चॅटमध्ये टाकायची नाही. हे आजकाल सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पागोळी :

हे कुणीच सांगितलं नव्हतं, क्लासवाल्यांनी तर नाहीच. एक शंका. नीट ऐकू आलं नाही आणि अंदाज मात्र जवळजवळ खात्रीचा असेल, तर काय करायचं? ब्लँक सोडले तर मार्क कापतील ना?

कानसेन :

पागोळी, या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते.

नवीन मुलं ब्लँकला घाबरतात. क्लासमध्ये रिकामी जागा म्हणजे शून्य गुण अशी सवय लागलेली असते. प्रत्यक्ष कामात खूण करून सोडलेला ब्लँक हा प्रामाणिक ब्लँक, आणि ठोकून दिलेला अंदाज ही गंभीर चूक. तपासताना आम्ही चुका एकाच तराजूत टाकत नाही. स्वल्पविराम राहिला तर किरकोळ. औषध, मात्रा, बाजू किंवा होकार-नकार बदलला, तर बाकीचा रिपोर्ट कितीही सुंदर असो, तो नापास.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं प्रकरण आहे, २००८ सालचं. डॉक्टरनं डिस्चार्ज समरी, म्हणजे पेशंटला सोडतानाचा सारांश, डिक्टेट करताना इन्सुलिनची मात्रा ८ युनिट सांगितली. ट्रान्सक्रिप्टमध्ये ८० आली. त्या कागदावरून पुढच्या ठिकाणी औषध दिलं गेलं आणि बाई दगावल्या. २०१२ साली ज्यूरीनं १४ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. टाइप करण्याचं काम परदेशात गेलं होतं.

म्हणून आकड्यांची समज हा अभ्यासाचा वेगळा भाग धरा. फिफ्टीन आणि फिफ्टी, सिक्स्टीन आणि सिक्स्टी ऐकताना कुणाचाही कान फसतो. तिथे वाचवतं ते ज्ञान. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या घरात असतं हे माहीत असेल तर तुम्ही '४२' लिहिणार नाही, '४.२' आहे का ते पुन्हा ऐकाल. लेव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये देतात हे माहीत असेल तर 'मिलिग्रॅम' ऐकल्यावर हात थांबेल. आणि थांबल्यावर ते स्वतः बदलायचं नाही बरं का. खूण करून डॉक्टरकडे पाठवायचं. औषधोपचार सुधारणं हे आपलं काम नाही.

लिहिण्याच्या पद्धतीलाही नियम आहेत. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये वापरू नयेत अशा लघुरूपांची यादी काढली. युनिटसाठी नुसतं 'यू' लिहायचं नाही, कारण आकड्यामागचा 'यू' शून्यासारखा दिसतो. पाच मिलिग्रॅमला ५.० लिहायचं नाही, टिंब दिसलं नाही तर पन्नास होतात. आणि अर्ध्या मिलिग्रॅमला ०.५ असंच लिहायचं, टिंबाआधीचं शून्य गाळायचं नाही. ती यादी छोटी आहे. भिंतीवर लावा.

तळटीप :

कानसेन यांना अनुमोदन. त्यात भर म्हणून सारख्या आवाजाच्या जोड्या. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड दोन्ही 'इलियम', पण आतड्यातला 'ई'वाला, हाडातला 'आय'वाला. गिळायला त्रास आणि बोलायला त्रास यांच्यात जेमतेम एका व्यंजनाचा फरक: डिस्फेजिया आणि डिस्फेझिया. हात शरीरापासून दूर नेणं आणि जवळ आणणं यात तर इतका घोळ होतो की काळजी घेणारे डॉक्टर 'ए-बी-डक्शन' आणि 'ए-डी-डक्शन' अशी अक्षरं सुटी करून बोलतात. औषधांत हायड्रॅलझिन आणि हायड्रॉक्सिझिन, एक रक्तदाबाचं, दुसरं खाज आणि अ‍ॅलर्जीचं. आधी रिपोर्ट कुठल्या विभागातला आहे ते बघा, मग शब्द ठरवा.

सरावासाठी एमटीसॅम्पल्स नावाच्या साईटवर नमुन्याचे रिपोर्ट आहेत. नुसते वाचा आधी. हिस्टरी अँड फिजिकल, कन्सल्टेशन, ऑपरेटिव्ह रिपोर्ट, डिस्चार्ज समरी हे चार मुख्य प्रकार. वाचता वाचता कळेल की डॉक्टर तीच तीच वाक्यं बोलतात. मग कुणाला तरी तो रिपोर्ट भराभर वाचायला लावून रेकॉर्ड करा आणि टाइप करून ताडून बघा. सुरुवातीला एका मिनिटाच्या ध्वनिफितीला पाच-सहा मिनिटं लागली तरी चालतील. वेगाच्या मागे इतक्यात लागू नका.

पागोळी :

धागा वर काढते आहे. सगळ्यांचं ऐकून क्लासवाल्यांना हमी लिहून मागितली, तेव्हापासून त्यांचे फोन बंद झाले. सध्या घरीच अभ्यास चालू आहे, हृदय आणि श्वसन संपलं, पचनावर आहे.

सरावाच्या फायली टाइप करायला लागले आहे. दोन जागी अडले. एक, तपासणीच्या भागात डॉक्टर 'नो क्लबिंग साय नोसेस ऑर डीमा' असं काहीतरी म्हणतो. दोन, जुन्या आजारांत 'स्टेटस पोस्ट लॅप कोली'. 'कोली' शब्दकोशात सापडला तो बॅक्टेरियाचा, पण तो इथे बसत नाही.

निशाचर :

फाईल सरावाचीच आहे ना? खऱ्या पेशंटची असेल तर प्रतिसाद आत्ता संपादित करा.

पागोळी :

सरावाचीच आहे हो, नमुना रिपोर्ट बहिणीकडून वाचून घेतलाय. तिनं वेग जरा जास्तच घेतला.

कानसेन :

बहीण कामाची आहे, तिला सोडू नका. खरे डॉक्टर याहून वाईट बोलतात, काही तर जांभई देत.

पहिलं: 'नो क्लबिंग, सायनोसिस, ऑर इडीमा'. बोटांची टोकं फुगणं नाही, निळसरपणा नाही, सूज नाही. 'एक्स्ट्रिमिटीज', म्हणजे हातपाय, या मथळ्याखाली हे वाक्य तुम्हाला इतक्या वेळा भेटेल की एक्सपांडरमध्ये पहिलं हेच घालाल. इडीमाचं स्पेलिंग अमेरिकन, तळटीप यांनी लिहिलंय तसं. फक्त एक सावधगिरी, एक्सपांडरनं वाक्य उमटलं तरी डॉक्टर खरंच तेच बोलला का ते कानानं ऐका. एखाद्या पेशंटच्या पायावर सूज असते, डॉक्टर 'नो क्लबिंग ऑर सायनोसिस' एवढंच म्हणून पुढे 'ट्रेस इडीमा', म्हणजे किंचित सूज, म्हणतो, आणि सवयीनं आपण त्या पेशंटची सूज गायब करतो.

दुसरं: 'स्टेटस पोस्ट' म्हणजे अमुक झाल्यानंतरची स्थिती, आणि कोली नव्हे, 'कोले'. लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टमीचं बोलीतलं लघुरूप, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढलंय. शब्द फोडून बघा, 'कोले' पित्त, 'सिस्ट' पिशवी, 'एक्टमी' काढणं. डॉक्टर लघुरूप बोलला तरी रिपोर्टमध्ये पूर्ण शब्द लिहायचा, निदानात आणि ऑपरेशनच्या नावात तर नक्कीच. बहुतेक कंपन्यांची मार्गदर्शिका हेच सांगते. तुमची कंपनी वेगळं सांगत असेल तर तिचं ऐका.

पचनावर आहात ना, मग पित्ताशयाची आकृती काढा आणि त्या आजाराच्या तपासण्या शोधा. सोनोग्राफीत काय लिहितात ते वाचा, मग 'एचआयडीए स्कॅन' काय ते बघा. डॉक्टर त्याला 'हायडा' म्हणतात.

पागोळी :

अहाहा, पित्ताची पिशवी! 'हायडा'ही याच फाईलमध्ये आहे, तिथे मी ब्लँक सोडलाय. फूट पेडल मागवावं का आता?

रानवारा :

मागवा. यूएसबीचं घ्या आणि मागवण्याआधी तुमच्या सॉफ्टवेअरला चालतं का तेवढं बघून घ्या.